पंगतीबाहेरचा शास्त्रज्ञ : मेघनाद साहा

मेघनाद साहा यांचे समीकरण विद्यापीठांत शिकवले जाते. त्यांच्या ताटाची गोष्ट मात्र सांगितली जात नाही.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात गरीब दुकानदाराच्या घरी ते जन्मले. साहा जातीला बंगालचे सवर्ण कनिष्ठ मानत. गावात पुढची शाळा नव्हती. परगावच्या एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतले, पण आपले ताट आपणच धुवायचे आणि गाय सांभाळायची, या अटीवर! उपकार करतानाही जात सुटत नाही, ती अशी. १९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. तेथील ईडन हिंदू वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत जेवायला नकार दिला. हे खेडूत अडाणी नव्हते, बंगालचे सुशिक्षित होते, हे लक्षात घ्यावे.

या तरुणाने १९२० साली दोन कामे केली. सत्येंद्रनाथ बोस यांच्यासह आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरील निबंध जर्मनमधून इंग्रजीत आणले. आणि किती तापमानाला, किती दाबाखाली वायूतील अणू इलेक्ट्रॉन गमावतात, याचे समीकरण मांडले. ताऱ्यांचे तापमान त्यामुळे मोजता येऊ लागले. अशा विद्युतभारित वायूला प्लाझ्मा म्हणतात.

पुढे अलाहाबादेत ते पृथ्वीभोवतीच्या आयनांबराकडे वळले. रेडिओलहर तेथे शिरली की पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे तिच्या दोन लहरी होतात आणि त्या वेगवेगळ्या वेगाने जातात. साहा व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या गणितावर काम केले. तेथील इलेक्ट्रॉन संथ, म्हणून सापेक्षतेवाचून भागते. पल्सार ताऱ्याजवळ ते प्रकाशाच्या वेगाला भिडतात. त्यांचे जडत्व वाढते, चुंबकत्वाची त्यांच्यावरील पकड सैल होते आणि एरवी परतणारी लहर आरपार जाऊ शकते. पल्सार सापडले १९६७ साली, साहांच्या पश्चात. पण १९२० ची त्यांची दोन्ही कामे तेथे एकत्र येतात, असे मला वाटते.

१९४३ च्या पुरानंतर ते दामोदर पूर चौकशी समितीवर होते. त्याच दामोदर योजनेला मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी आकार दिला. १९५२ साली साहा कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण त्याच वर्षीच्या डिसेंबरातले.