तमाशाच्या नादातून कीर्तनाकडे : शाहीर रामजोशी

करकंब : आपल्या सोलापूरचे शाहीर रामजोशी यांना पोरवयातच तमाशाचा भारी नाद लागला. घराणं वेदशास्त्राचं. थोरले भाऊ मुद्गल जोशी यांनी लई समजावलं, पण पाय फडाकडेच वळायचे. शेवटी भावानं घराबाहेर काढलं.

रामजोशी पंढरपूरला आले. तिथं बाबा पाध्ये यांच्याकडे संस्कृत शिकून विद्वान झाले, घरी परतले. तरी जुना नाद पुन्हा लागलाच! नाव झालं, पैसाही आला अन् उडाला.

पुढं बारामतीच्या मोरोपंतांशी गाठ पडली अन् ते कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून गावोगावी पोचवल्या. 1812 च्या सुमारास ते वारले. एकदा सुटलेला नाद परत लागला, तरी माणूस पुन्हा सावरला. आवाज तोच, फक्त कामाला लावला.