रिकामे वर्ग पाहूनही न खचलेल्या रमाबाई

मैत्रिणींनो, आमच्या साक्षरता वर्गाला चार दिवस येऊन पाचव्या दिवशी बायका गळू लागल्या, की मला पंडिता रमाबाईंची फार आठवण येते.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं. आईवडील दुष्काळात गेले. लग्नानंतर दोनच वर्षांत पतीही गेले. पदरात तान्ही मनोरमा! १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. बालविधवा गोदूबाई इथंच शिकली. तीच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली.

पण १८९३ मध्ये बाई मुलींना बाटवतात म्हणून गहजब झाला. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. दुसरं कुणी असतं तर शाळेला कुलूपच लावलं असतं. रमाबाईंची श्रद्धा मात्र डगमगली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथल्या 'मुक्ती'त मुली लिहायला-वाचायला शिकल्या, विणकाम आणि छपाईही शिकल्या. मनोरमेनं अंध मुलींना ब्रेल शिकवलं.

साध्यासुध्या बाईलाही कळावं, म्हणून रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी हातचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

त्यांचा धर्म आपला असो वा नसो, गेलेल्या मुलींसाठी रडत न बसता पुढच्या मुलीसाठी दार उघडं ठेवायचं, एवढं तर आपण घेऊ शकतो ना?