सत्तेला आतून ओळखणारा लेखक : जॉर्ज ऑर्वेल



बिहारमधील मोतीहारी हे गाव आपणांस ठाऊक असते ते महात्मा गांधींच्या चंपारण सत्याग्रहामुळे. निळीच्या सक्तीने गांजलेल्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी १९१७ साली गांधीजी तेथे गेले होते. त्याआधी चौदा वर्षे, २५ जून १९०३ रोजी, याच गावी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मास आला. आईवडिलांनी त्याचे नाव एरिक आर्थर ब्लेअर असे ठेवले. जगाला मात्र तो पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने माहीत झाला.

एरिकचे वडील रिचर्ड ब्लेअर हे सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. अफूचा मक्ता संपूर्णपणे सरकारचा. शेतकऱ्याने किती जमिनीत अफू लावावी आणि ती कोणत्या दराने सरकारच्या हवाली करावी, हे सरकारच ठरवी. तयार झालेला माल मुख्यतः चीनकडे जाई. एरिकचे आजोबा इंग्लंडमधील अँग्लिकन चर्चचे पाळक होते. पाळकाचा मुलगा अफूच्या व्यापारावर देखरेख करतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, अशा घरातला हा मुलगा. सर्वंकष राजसत्ता माणसाचे माणूसपण कसे पुसून टाकते, हे सांगणारी विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध कादंबरी त्याच्या हातून लिहिली गेली. ती त्याला का लिहिता आली, याचे उत्तर त्याच्या चरित्रात आहे. सत्तेचे यंत्र त्याने केवळ दुरून पाहिले नव्हते. त्या यंत्राचा एक दाता म्हणून तो स्वतः फिरला होता.

१९०४ साली आई मुलांना घेऊन इंग्लंडला परतली. बेताच्या सांपत्तिक स्थितीतील या हुशार मुलाला शिष्यवृत्तीच्या बळावर ईटन या नामांकित विद्यालयात प्रवेश मिळाला. तेथून बाहेर पडल्यावर त्याचे बरोबरीचे विद्यार्थी ऑक्सफर्ड व केंब्रिजकडे वळले. एरिकने मात्र १९२२ साली ब्रह्मदेशाची वाट धरली. तो प्रदेश त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी एरिक तेथे इम्पीरियल पोलीस दलाचा अधिकारी झाला.

ब्रह्मदेशातील पाच वर्षांनी त्यांना काय शिकवले, हे त्यांच्या दोन निबंधांतून आपणांस कळते. पहिल्या निबंधात एका कैद्याला फाशीच्या तख्ताकडे नेले जात आहे. दोन्ही बाजूंनी शिपायांनी धरलेला तो माणूस वाटेत पाण्याचे डबके दिसताच पाय भिजू नये म्हणून किंचित बाजूला सरतो. काही क्षणांनी मरणार असलेल्या माणसाची ती साधी हालचाल पाहून निवेदकाच्या लक्षात येते की, आपण एक जिवंत, विचार करणारे, संपूर्ण मन कायमचे विझवण्यास निघालो आहोत. कागदोपत्री तो केवळ एक कैदी होता. डबके चुकवताना तो माणूस झाला. दुसऱ्या निबंधात एक गोरा पोलीस अधिकारी शांत उभ्या असलेल्या हत्तीवर गोळी झाडतो. हत्तीला मारावे असे त्याला मुळीच वाटत नसते. परंतु मागे जमलेला हजारोंचा जमाव साहेबाकडून तेच अपेक्षित करीत असतो. इतरांवर हुकूम चालवणाऱ्याचे स्वतःचे स्वातंत्र्यही कसे हिरावले जाते, मुखवटा चढवता चढवता चेहराच त्या मुखवट्यासारखा कसा होतो, हे त्या निबंधात त्यांनी दाखवून दिले.

१९२७ साली ते रजेवर इंग्लंडला आले आणि त्यांनी त्या नोकरीचा राजीनामा दिला. वाचकहो, पुढचे पाऊल अधिक विलक्षण आहे. आपण दडपशाहीचे साधन झालो होतो, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या अपराधाचे क्षालन व्हावे म्हणून त्यांनी समाजाच्या तळाशी असलेल्यांमध्ये जाऊन राहण्याचे ठरवले. फाटके कपडे घालून ते लंडनच्या बेघरांमध्ये वावरले, भटक्यांच्या निवाऱ्यात झोपले. पॅरिसमध्ये त्यांनी एका हॉटेलच्या तळघरात भांडी विसळली. या अनुभवांवरील त्यांचे पहिले पुस्तक जानेवारी १९३३मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्या मंडळींना संकोच वाटू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. जॉर्ज हे अस्सल इंग्रजी नाव, आणि ऑर्वेल ही इंग्लंडच्या सफोक परगण्यातील नदी. ते श्रद्धावंत ख्रिस्ती नव्हते. तरीही प्रायश्चित्त या शब्दाचा अर्थ त्यांनी कृतीने जाणला होता, असे म्हणावेसे वाटते.

सत्तेचे दुसरे रूप त्यांना स्पेनमध्ये भेटले. जनरल फ्रँको यांच्या बंडाविरुद्ध लढण्यासाठी ते डिसेंबर १९३६मध्ये बार्सिलोनास गेले आणि स्टालिनला न मानणाऱ्या एका लहान मार्क्सवादी पक्षाच्या पथकात दाखल झाले. २० मे १९३७ रोजी आघाडीवर शत्रूची गोळी त्यांच्या गळ्यातून आरपार गेली. थोडक्यात प्राण वाचले. परंतु खरी जखम निराळीच होती. पुढच्याच महिन्यात त्यांचा पक्ष बेकायदा ठरवण्यात आला. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ते खंदकात उभे राहिले, तेच फॅसिस्टांचे हस्तक असल्याचा गवगवा झाला. सहकारी तुरुंगात पडले; ऑर्वेल आणि त्यांची पत्नी आयलीन कसेबसे सीमा ओलांडून फ्रान्सला पोहोचले. न झालेल्या लढायांची वर्णने वृत्तपत्रांत छापून येताना आणि झालेल्या लढायांचा मागमूसही नाहीसा होताना त्यांनी पाहिले. सत्ताधाऱ्याला उद्यावर ताबा हवा असेल, तर तो प्रथम कालची आठवण ताब्यात घेतो, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या आयुष्याचा धागा पुन्हा आपल्या देशाशी, आणि आपल्या भाषेशीही, जुळला. ऑगस्ट १९४१पासून नोव्हेंबर १९४३पर्यंत ते बीबीसीच्या पूर्वेकडील देशांसाठीच्या विभागात हिंदुस्थानी श्रोत्यांकरिता कार्यक्रम तयार करीत होते. मुल्कराज आनंद त्यांच्या कार्यक्रमांत भाग घेत. पुढे १९५० साली ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या मराठी लेखिका वेणू चितळे या त्यांच्या विभागात काम करीत. ऑर्वेल यांनी इंग्रजीत लिहिलेली वार्तापत्रे मराठीसह काही भारतीय भाषांत अनुवादित होऊन प्रसारित होत. हिंदुस्थानला स्वातंत्र्य मिळावे, असे त्यांचे स्पष्ट मत होते. परंतु ऑगस्ट १९४२मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात टाकले गेले, तेव्हा त्याच ब्रिटिश सरकारच्या बाजूने बोलण्यासाठी हा माणूस रोज कचेरीत जात होता. प्रत्येक संहिता आधी तपासली जाई आणि मान्य झालेल्या मजकुराबाहेर एक शब्दही उच्चारण्याची मुभा नसे. अखेर आपला वेळ व्यर्थ जात आहे, अशा भावनेने त्यांनी तेही काम सोडले. ब्रह्मदेशात ते सत्तेचा दंडुका झाले होते. लंडनमध्ये तिची वाणी झाले. दोन्ही वेळा ते आपणहून बाहेर पडले.

‘ॲनिमल फार्म’ ही छोटी रूपककथा त्यांनी त्यानंतरच्या काही महिन्यांत लिहिली. माणसाला हाकलून प्राण्यांनी उभारलेले समतेचे राज्य हळूहळू डुकरांच्या जुलमाखाली कसे जाते, याची ती गोष्ट. रशिया तेव्हा इंग्लंडचा मित्र होता. त्यामुळे एकामागून एक प्रकाशकांनी ती परत केली. एका प्रकाशकाने तर सरकारच्या माहिती मंत्रालयातील अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून माघार घेतली. कायद्याने बंदी नव्हती. लोकांनी आपणच आपल्या तोंडाला कुलूप घातले होते. १९४४ साली त्यांच्या राहत्या घरावर जर्मन उडता बॉम्ब पडला, तेव्हा ते हस्तलिखित ढिगाऱ्यातून शोधून काढावे लागले. १७ ऑगस्ट १९४५ रोजी पुस्तक बाहेर आले आणि त्यांना कीर्ती व पैसा दोन्ही लाभले. आयलीन मात्र ते पाहण्यास उरल्या नव्हत्या. मार्च १९४५मध्ये शस्त्रक्रियेसाठी भूल दिली असतानाच त्यांचा अंत झाला होता. दत्तक घेतलेला तान्हा रिचर्ड आता एकट्या ऑर्वेल यांच्या पदरात होता.

जानेवारी १९४६मध्ये त्यांनी येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या ‘आम्ही’ या कादंबरीवर परीक्षण लिहिले. झाम्यातिन हे ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूचे पुत्र. १९२०च्या सुमारास लिहिलेल्या त्या कादंबरीतील नागरिकांना नावेच नाहीत, केवळ क्रमांक आहेत. ते काचेच्या घरांत राहतात आणि एकाच वेळापत्रकाने उठतात, जेवतात, झोपतात. त्या पुस्तकाला झाम्यातिन यांच्या मायदेशात १९८८पर्यंत प्रकाशनाची परवानगी मिळाली नाही. ऑर्वेल यांच्या मनात घोळत असलेल्या कादंबरीला या वाचनाने बळ मिळाले.

ती लिहिण्यासाठी ते स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या जुरा बेटावरील बार्नहिल नावाच्या एकाकी घरात जाऊन राहिले. क्षयाने शरीर पोखरले होते. १९४८ साली रुग्णालयात स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध अमेरिकेहून मागवून देण्यात आले. परंतु ते त्यांना सोसले नाही. बेटावर येण्यास टंकलेखक मिळेना, तेव्हा अंथरुणात बसून त्यांनी संपूर्ण कादंबरी स्वतः टंकलिखित केली. ८ जून १९४९ रोजी ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली.

वाचकहो, या कादंबरीतील विन्स्टन स्मिथच्या घरात एक पडदा आहे. तो पडदा बोलतो आणि पाहतोही. पहाटेच्या सक्तीच्या कवायतीत विन्स्टन चुकला की पडदा त्याला ६०७९ या क्रमांकासह हाक मारतो. जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर बदलून तो आजच्या सरकारी भूमिकेशी जुळवणे, ही विन्स्टनची नोकरी. ती करणाऱ्या मंत्रालयाचे नाव सत्य मंत्रालय. भाषेतील शब्द वर्षागणिक कमी केले जात आहेत. कारण ज्या गोष्टीला शब्दच उरला नाही, तिचा विचार कोण करणार? विन्स्टन चोरून दैनंदिनी लिहितो आणि ज्यूलियावर प्रेम करतो. एवढाच त्याचा गुन्हा. यातना देणाऱ्यांना त्याचा प्राण नको असतो. त्याचे मन हवे असते. दोन आणि दोन पाच होतात हे तोंडाने म्हणून भागत नाही, ते त्याने मनोमन मानले पाहिजे. शेवटी आपल्याऐवजी ज्यूलियाला छळा, असे तो ओरडतो, आणि कादंबरी संपते तेव्हा ‘बिग ब्रदर’वर त्याचे मनापासून प्रेम बसलेले असते.

बीबीसीतील कचेरी, स्पेनमधील वृत्तपत्रे, ब्रह्मदेशातील तुरुंग हे सारे त्या पानांत आहे. म्हणूनच विन्स्टन हा केवळ सत्तेचा बळी नाही. पगार घेऊन खोटे लिहिणारा तिचा नोकरही आहे. जुलूम दुष्टांच्या बळावर जेवढा चालतो, त्याहून अधिक तो आपल्यासारख्या साध्या, भेदरलेल्या, नोकरी सांभाळणाऱ्या माणसांच्या हातांनी चालतो, हे ऑर्वेल यांनी स्वतःच्या हातांकडे पाहून ओळखले होते.

त्यांना संत ठरवण्याचे कारण नाही. मे १९४९मध्ये, रुग्णशय्येवर असताना, त्यांनी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका प्रचार विभागाला ३८ व्यक्तींची नावे कळवली. त्यांच्या मते ही मंडळी कम्युनिस्टांकडे झुकलेली असल्याने त्या विभागाच्या लेखनकामास योग्य नव्हती. ही यादी २००३ साली प्रसिद्ध झाली. कोणी तिला क्षम्य मानतात, कोणी मानत नाहीत. परंतु सत्तेच्या कानात नावे सांगण्याचा मोह तिच्या कट्टर टीकाकारालाही टाळता आला नाही, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे गैरसोयीचे सत्यही नोंदीतून खोडता येत नाही.

२१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, लंडनमधील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. मरणोत्तर जीवनावर त्यांचा विश्वास नव्हता. तरीही आत्मा अमर आहे ही श्रद्धा गमावल्याने माणसाच्या जीवनात केवढी पोकळी झाली, हे त्यांनी १९४०मध्येच लिहून ठेवले होते. त्या पोकळीत हुकूमशहांची पूजा शिरताना ते पाहत होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीप्रमाणे आपले दफन व्हावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदवली. सटन कोर्टने या खेड्यातील ऑल सेंट्स चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. शिळेवर ग्रंथांचा उल्लेख नाही, जॉर्ज ऑर्वेल हे जगप्रसिद्ध नावही नाही. तेथे आहे ते एरिक आर्थर ब्लेअर हे नाव, आणि जन्ममृत्यूच्या तारखा.

मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या कचेरीत, रुग्णालयात, संस्थेत किंवा मंडळीच्या सभेत समोरचा माणूस आपणांस नुसता अर्ज, खाट किंवा मत वाटू लागला, तर क्षणभर थांबा आणि त्याचे नाव विचारा. तख्ताकडे जाणाऱ्या एका माणसाने डबके चुकवले आणि पाहणाऱ्याचे आयुष्य बदलले. तसे पाहण्याची दृष्टी आपणांसही लाभो.