सरांना न पटलेला प्रबंध

एम.ई.चा रिपोर्ट लाल शेऱ्यांनी भरून परत आला की आपण होस्टेलवर सरांच्या नावाने खडे फोडतो. मीही फोडले. मग लायब्ररीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र हाती लागलं आणि गप्पच झालो.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स गाठलं, पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ ला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० ला पुन्हा लंडन!

रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारायला परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला. १९२३ साली त्याचं पुस्तक निघालं, प्रस्तावना प्रा. एडविन कॅनन यांची. सुवर्ण विनिमय पद्धतीला असलेला आपल्या विद्यार्थ्याचा विरोध पटत नाही, हे सरांनी त्यात चक्क लिहिलं. पण त्याच्या विचारांतला ताजेपणाही मान्य केला. आणि विद्यार्थ्याने ती प्रस्तावना पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापली!

याच माणसाने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, म्हणून आपल्या बीडसारख्या जिल्ह्यांतल्या पोरांना उच्च शिक्षण जवळ आलं.

गाइडने तपासावं, आपलं मत लादू नये. विद्यार्थ्याने ऐकावं, पण नुसती मान डोलावू नये. मी रिपोर्ट पुन्हा लिहायला घेतलाय. दोन शेरे अजून पटलेले नाहीत. ते आकडे घेऊन सरांच्या केबिनमध्येच सांगणार, होस्टेलवर नाही.