शब्दकोड्यांना शिस्त लावणाऱ्या संपादिका : मार्गारेट फरार



वर्तमानपत्र हातात आलं की आपल्यापैकी कित्येकजण आधी शब्दकोडं शोधतात. आडवे शब्द, उभे शब्द आणि मधले काळे चौकोन. पण या खेळाला नियम कोणी घालून दिले असतील, असा विचार तुम्ही कधी केलाय का? आज आपण इंग्रजी शब्दकोड्यांना शिस्त लावणाऱ्या अमेरिकन संपादिका मार्गारेट फरार यांच्याविषयी माहिती पाहूया.

मार्गारेट यांचा जन्म २३ मार्च १८९७ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. माहेरचं आडनाव पेदरब्रिज. १९१९ मध्ये त्या स्मिथ कॉलेजमधून पदवीधर झाल्या. पुढे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवार आवृत्तीच्या संपादकांकडे त्यांना सेक्रेटरीची नोकरी मिळाली. याच वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांनी तयार केलेलं पहिलं शब्दकोडं छापून आलं होतं. वाचकांना ते आवडायचं, पण कार्यालयात मात्र कोणालाच ती कटकट नको होती. ते काम मार्गारेटच्या गळ्यात पडलं.

आता गंमत बघा. मार्गारेट यांनी स्वतः कधीच शब्दकोडं सोडवलं नव्हतं! दिसायला बरं वाटेल ते कोडं उचलायचं आणि छापायला पाठवायचं, एवढंच त्या करत. साहजिकच चुका व्हायच्या. वाचकांची तक्रारीची पत्रं यायची. प्रसिद्ध स्तंभलेखक फ्रँकलिन अ‍ॅडम्स त्याच वृत्तपत्रात रुजू झाले आणि तेही चुका दाखवू लागले.

शेवटी एक दिवस मार्गारेट स्वतःच कोडं सोडवायला बसल्या. आणि मग त्यांना कळलं, वाचक का चिडतात ते! शब्दकोशावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली, की यापुढे कोडं निर्दोषच छापायचं. त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती इथेच.

यानंतर कोड्यांना नियम आले. आकृती उलटी धरली तरी तशीच दिसली पाहिजे. प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत आलं पाहिजे. काळे चौकोन एकूण चौकोनांच्या साधारण एक षष्ठांशापेक्षा जास्त नकोत. दोन अक्षरी शब्द नकोत. आजारपण, मृत्यू असे विषयही त्या टाळत, कारण लोक सकाळी नाश्ता करताना कोडं सोडवतात.

१९२४ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक संपादित केलं. सायमन आणि शुस्टर या नवख्या प्रकाशकांनी प्रत्येक प्रतीसोबत एक पेन्सिलही दिली. पुस्तकाच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. १९२६ मध्ये प्रकाशक जॉन फरार यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र १९२४ मध्ये या वेडाची खिल्लीच उडवली होती. पण अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि चिंतेत असलेल्या वाचकांना थोडा विरंगुळा हवा, असं त्यांनाही पटलं. १५ फेब्रुवारी १९४२ पासून तिथे रविवारचं शब्दकोडं सुरू झालं आणि संपादक झाल्या मार्गारेट! १९५० पासून ते रोज येऊ लागलं. १९६९ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. निवृत्तीनंतरही त्यांचं काम थांबलं नाही. ११ जून १९८४ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हाही त्या शब्दकोड्यांच्या पुस्तकावर काम करत होत्या.

मित्रांनो, यात आपल्यासाठी काय आहे? आपण प्रश्नपत्रिका काढतो, स्वाध्याय देतो. पण मुलांच्या जागी बसून तो कधी सोडवून पाहतो का? एखाद्या प्रश्नावर सगळा वर्ग अडला, तर चूक मुलांची असेलच असं नाही. कदाचित प्रश्नच नीट विचारलेला नसेल. पुढची चाचणी देण्याआधी एकदा घड्याळ लावून स्वतः सोडवून बघा. पालकांनीही मुलाला रागावण्याआधी त्याचा गृहपाठ एकदा स्वतः करून बघावा. मुलं कुठे आणि का अडतात, ते बरोबर कळेल बरं का!