उजेड वाटणारी पंडिता

लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींचा एक आश्रम होता. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. १८८३ साली इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाई तेथील मायेची वागणूक पाहून थक्क झाल्या. या करुणेचे मूळ कोठे, असे त्यांनी विचारले, तेव्हा येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. धर्म म्हणजे केवळ स्वतःचा उद्धार नव्हे. अंधारात असलेल्यांपर्यंत उजेड नेण्याची ती हाक आहे, ही जाणीव त्यांच्या मनात येथे रुजली.

अंधार म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविण्याचे धाडस केले आणि त्याबद्दल समाजाचा रोष ओढवून घेतला. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत, पुराणे सांगत गेले. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीला बळी पडली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी देश तुडवीत त्या १८७८ साली कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. लवकरच भाऊ गेला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. पटकीने पतीचे निधन झाले. कडेवर मनोरमा होती.

पुण्यास येऊन त्यांनी १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्री डॉक्टरांची गरज मांडली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून त्या विलायतेस गेल्या; परंतु कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग बंद झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला म्हणून त्यांनी बुद्धी गहाण ठेवली नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्या सिद्धांतांवरून वाद घालीत. शाकाहार आणि साधे पांढरे वस्त्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

अमेरिकेत त्यांनी हिंदू विधवांची कैफियत मांडली आणि जमलेल्या मदतीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. धर्माची सक्ती नाही, ज्याने त्याने आपले आचार पाळावेत, असा सदनाचा नियम होता. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. टीकाकारांना हा वचनभंग वाटला. तर कोणावर बळजबरी करणार नाही, पण दारही लावून घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. १८९३ साली वाद विकोपाला गेला. रानडे, भांडारकरांसारख्या सहानुभूतीदारांनीही सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. ज्यांच्यासाठी दिवा लावला, त्याच घरांनी तो नाकारावा, हा आघात मोठा होता.

तरी वात विझली नाही. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःच्या बालपणीची भूक आठवून त्या तिकडे धावल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन परतल्या. पुण्याजवळच्या केडगाव येथील माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती; पण तेथे प्रार्थनेइतकेच श्रमाला मोल होते. मुली शेती करीत, कापड विणीत, छापखाना चालवीत. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली. ज्यांच्या डोळ्यांपुढे कायमचा काळोख होता, त्यांच्या बोटांखाली अक्षरे आली.

स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशा मराठीत बायबल उतरवीत होत्या. या कामाने त्यांची सुमारे अठरा वर्षे घेतली. १९२१ साली मनोरमा गेली. पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी १८९३ साली, वादाचा धुरळा उडत असतानाच, धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. गोदूबाईंनी धर्म बदलला नाही. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि पुढे महिला विद्यापीठ उभारले. या साऱ्या वाटचालीत गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई, त्यांच्या सहचारिणी होत्या. रमाबाईंची श्रद्धा न स्वीकारणाऱ्या घरांतही त्यांनी लावलेल्या ज्योतीचा प्रकाश असा पोहोचला. धर्मांतराच्या वादात महाराष्ट्राने रमाबाईंना दीर्घकाळ दूर ठेवले. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या प्रत्येक स्त्रीवर मात्र त्यांचे ऋण आहे.