भोकरमध्ये शंकररावांसमोर उभं कोण राहणार? मराठवाड्याच्या ‘हेडमास्तर’ची गोष्ट

२०२४ च्या फेब्रुवारीत अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि लगेच राज्यसभेवरही गेले. त्या आठवड्यात नांदेड जिल्ह्यात एकच चर्चा होती. आता काँग्रेसकडून लढणार कोण? गंमत बघा. त्याआधी साठ-पासष्ट वर्षं याच जिल्ह्यात नेमका उलटा प्रश्न विचारला जायचा. काँग्रेसच्या विरोधात लढणार कोण?

तो प्रश्न ज्या माणसामुळे पडायचा, ते म्हणजे शंकरराव भाऊराव चव्हाण. दोनदा मुख्यमंत्री, केंद्रात गृह, अर्थ, संरक्षण, शिक्षण, नियोजन अशी खाती सांभाळलेले, आणि भोकरचे आमदार. आज इन्स्टावर नांदेडच्या राजकारणाचे जे रील फिरतात, त्यात शंकरराव फार तर फोटोफ्रेममध्ये दिसतात. पण भोकरमध्ये तगडा विरोधक का सापडत नव्हता, हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. घर शेतकऱ्याचं. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शंकररावांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून कायद्याचं शिक्षण घेतलं आणि तिथेच स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावाखाली आले. हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटला तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर, सीमेवर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. त्यातल्या उमरखेडच्या कॅम्पशी शंकररावांचं नाव जोडलेलं आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं.

इथे एक मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. मराठवाड्यात काँग्रेस म्हणजे नुसता सत्ताधारी पक्ष नव्हता. रझाकारांच्या काळात जी माणसं जीव मुठीत घेऊन लढली, त्यातल्या बहुतेकांचा तो पक्ष होता. त्यामुळे १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे भलेभले पडले, पण मराठवाड्याने पक्षाला हात दिला. त्याच निवडणुकीत शंकरराव पहिल्यांदा मुंबई विधानसभेत पोचले. त्याआधी नांदेडचं नगराध्यक्षपद त्यांच्याकडे होतं.

पुढचे आकडे बघा. १९६२ ला महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५. १९६७ ला २७० पैकी २०३. १९७२ ला २७० पैकी २२२. राज्यशास्त्राचे अभ्यासक रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये या प्रकाराला ‘काँग्रेस सिस्टीम’ असं नाव दिलं. निवडणुका खऱ्या, मतपेट्या खऱ्या, विरोधी पक्षही खरे, पण सत्ता बदलत नाही. मग विरोधकांचं काम करायचं कोणी? कोठारींचं म्हणणं असं की ते काम पक्षातलेच गट करतात.

शंकररावांच्या आयुष्याला ही थिअरी इतकी चपखल बसते की शंकररावांकडे बघूनच ती लिहिली की काय असं वाटावं.

आधी भोकरबद्दल. तेलंगणाच्या सीमेजवळचा, मुदखेडहून आदिलाबादला जाणाऱ्या रेल्वेलाइनवरचा हा तालुका. १९६७, १९७२ आणि १९७८, अशा तीन निवडणुका शंकररावांनी इथून जिंकल्या. या काळात ते नुसते आमदार नव्हते. साठच्या दशकात पाटबंधारे खातं त्यांच्याकडे होतं. कोरडवाहू मराठवाड्यात पाटबंधारे मंत्री म्हणजे काय, हे ज्याच्या शेतापर्यंत कालवा आलाय त्याला विचारा. आणि त्याहून जास्त, ज्याच्या शेतापर्यंत तो अजून आलेला नाही त्याला.

जायकवाडी हे त्यातलं सगळ्यात मोठं काम. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. धरण झालं ते पैठणला, म्हणजे त्यांच्या जन्मगावी. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीवर जो प्रकल्प झाला, त्याच्या जलाशयाचं नावच शंकरसागर आहे.

आता समजा तुम्ही १९७२ मध्ये भोकरला विरोधी पक्षाचे कार्यकर्ते आहात आणि उमेदवार शोधताय. ज्याच्याकडे जाल तो आधी एकच हिशोब करेल. समोरचा माणूस मंत्री आहे आणि उद्याही मंत्रीच असणार. आपण हरलो तर सोसायटीचं कर्ज, पोराचं कॉलेज, गावचा रस्ता, सगळं त्याच्याच माणसांच्या हातात राहणार. म्हणजे उमेदवारी घ्यायची तर हरल्यावरही तग धरता यायला हवा. त्यासाठी आपलं स्वतःचं काहीतरी पाहिजे. शाळा असो, संस्था असो, संघटना असो, नाहीतर मुंबईसारखी कामगार युनियन असो.

मुंबईचं उदाहरण इथे द्यायलाच पाहिजे. दक्षिण मुंबईत स. का. पाटील हे काँग्रेसचे असेच अढळ नेते. तीनदा महापौर, मग केंद्रात मंत्री. १९६७ ला त्यांच्यासमोर कोण, असं लोक हसत विचारायचे. समोर आले ३६ वर्षांचे जॉर्ज फर्नांडिस. टॅक्सीवाले आणि महापालिका कामगार त्यांच्या मागे होते. पाटील हरूच शकत नाहीत हा जो समज होता, प्रचारात जॉर्जनी त्यालाच हात घातला. पाटलांना पाडता येतं, एवढंच मतदारांना पुन्हा पुन्हा सांगितलं. सदोबा पाटील सुमारे तीस हजार मतांनी पडले.

नांदेडमध्ये अशी स्वतःची ताकद असलेला माणूस होता, पण भोकरमध्ये नाही. तो होता कंधारला. केशवराव धोंडगे. शेतकरी कामगार पक्षाचे, मुक्तिसंग्रामातून आलेले, मन्याड खोऱ्याचा वाघ म्हणून ओळखले जाणारे. त्यांची स्वतःची शिक्षणसंस्था होती, स्वतःचं साप्ताहिक होतं आणि विधानसभेत अख्खं सभागृह गाजवणारी जीभ होती. जिल्ह्यात काँग्रेसला खऱ्या अर्थाने घाम फोडणारं नाव हेच.

२१ फेब्रुवारी १९७५ ला वसंतराव नाईक यांच्या जागी शंकरराव मुख्यमंत्री झाले. नाईक त्या खुर्चीत ११ वर्षं होते. शंकररावांना दिल्लीचा भक्कम पाठिंबा होता, आणि चारच महिन्यांत आणीबाणी आली. कडक शिस्त, वेळेवर हजेरी, फायली रखडलेल्या चालायच्या नाहीत. ‘हेडमास्तर’ ही ओळख त्यांना याच शिस्तीमुळे चिकटली. काहींना ती आवडली, पण बऱ्याच आमदारांना नाही. मंत्रिमंडळातून त्यांनी थेट वसंतदादा पाटलांना बाहेर काढलं. साखरपट्ट्यातला एवढा मोठा नेता दुखावला गेला. दादांनी राजकीय संन्यास जाहीर केला आणि सांगलीला जाऊन बसले. माझ्या मते शंकररावांच्या राजकारणातली सगळ्यात महागडी चूक हीच. भोकरमध्ये विरोधक तयार होत नव्हता आणि इकडे मुंबईत त्यांनी स्वतःच्या हाताने एक तयार केला.

१९७७ ची लोकसभा निवडणूक आली. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला फक्त २० जागा मिळाल्या. शेकापने पाच जिंकल्या आणि त्यातली एक होती नांदेडची. मुख्यमंत्र्यांच्याच जिल्ह्यातून केशवराव धोंडगे खासदार झाले. शंकरराव स्वतः त्या मैदानात नव्हते, पण निकालाचा अर्थ सगळ्यांना कळला. मे १९७७ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी आले वसंतदादा. संन्यास संपला होता.

पुढचं प्रकरण तर आजच्या फोडाफोडीलाही लाजवेल असं आहे. शंकरराव काँग्रेसमधून बाहेर पडले आणि महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस नावाचा पक्ष काढला. लोक त्याला ‘मसका’ म्हणायचे. १९७८ ला विधानसभेत कुणालाच बहुमत मिळालं नाही. दोन काँग्रेसनी मिळून वसंतदादांचं सरकार बनवलं. जुलैमध्ये शरद पवारांनी ते पाडलं आणि पुलोदचं सरकार आणलं. त्या सरकारचे अर्थमंत्री कोण? शंकरराव चव्हाण. म्हणजे जे पवार आधी त्यांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते, त्यांच्या हाताखाली आता शंकरराव काम करत होते. आणि या आघाडीत शेकापही होता. केशवरावांचा पक्ष! जिल्ह्यातला सत्ताधारी आणि जिल्ह्यातला विरोधक, मुंबईत एकाच आघाडीत. मग भोकरच्या मतदाराने विरोधक शोधायचा तरी कुठे?

हे फार टिकलं नाही. शंकरराव इंदिरा गांधींकडे परतले, १९८० ला नांदेडचे खासदार झाले आणि दिल्लीत मंत्री. भोकरची आमदारकी त्यांनी सोडली ती कायमची. १९८४ ला पुन्हा खासदार. दिल्लीत त्यांची चांगली बसली होती. तिथे मराठा लॉबी, साखर लॉबी असलं काही सांभाळावं लागत नव्हतं. हायकमांडचा विश्वास पुरेसा होता आणि तो त्यांच्यावर होता.

मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर एमडी परीक्षेच्या गुणवाढ प्रकरणात अडकून पायउतार झाले. निलंगा म्हणजे शेजारचा लातूर जिल्हा. मराठवाड्याच्या एका नेत्याच्या जागी मराठवाड्याचाच दुसरा, म्हणून शंकरराव परत आले. मग नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि १९८७ मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसकडून मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण. समोर प्रकाश आंबेडकर. म्हणजे जिल्ह्याबाहेरून एक मोठं नाव आलं. थेट बाबासाहेबांचे नातू. लढत देशभर गाजली आणि अशोकराव जिंकले. नावाने दबदबा येतो, पण बूथवर बसायला माणसं लागतात आणि ती बाहेरून आणता येत नाहीत.

इकडे डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत शरद पवार काँग्रेसमध्ये परतले होते. पवार पक्षात आले त्या दिवशीच शंकररावांची उलटी गिनती सुरू झाली, असं आज मागे वळून पाहताना वाटतं. जून १९८८ मध्ये शंकरराव केंद्रात अर्थमंत्री म्हणून गेले आणि मुख्यमंत्रीपदी पवार आले. दोन्ही वेळा शंकररावांची खुर्ची गेली ती पक्षातल्याच माणसाकडे.

मग १९८९. बोफोर्स, व्ही. पी. सिंग, देशभर वारं फिरलेलं. नांदेडमध्ये जनता दलाने उमेदवार दिला डॉ. व्यंकटेश काब्दे. गावातले डॉक्टर. घराण्याचा वारसा नाही की मंत्रिपदाचा रुबाब नाही. आणि देशाच्या अर्थमंत्र्यांच्या मुलाचा, विद्यमान खासदाराचा त्यांनी पराभव केला. नांदेडमध्ये चव्हाणांना हरवता येतं, हे पहिल्यांदा समोरासमोर सिद्ध झालं. पण हा बदल टिकला का? १९९१ ला जागा परत काँग्रेसकडे. वारं होतं तोवर उमेदवार चालला, पण वारं पडल्यावर धरून ठेवणारी संघटना मागे नव्हती.

लातूरमध्ये असंच घडलेलं दिसतं. विलासराव देशमुख १९९५ ला शिवाजीराव कव्हेकरांकडून हरले आणि चार वर्षांत मुख्यमंत्री म्हणून परत आले. शिवराज पाटील चाकूरकर सलग सात वेळा खासदार झाले. त्यांना २००४ ला हरवलं ते भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी. म्हणजे काँग्रेसच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या सूनबाईंनी. मराठवाड्यात जुन्या वाड्याला धक्का द्यायचा तर बऱ्याचदा दुसऱ्या जुन्या वाड्यातूनच माणूस यावा लागला.

शंकरराव मात्र १९८८ पासून राज्यसभेत होते, सलग २००२ पर्यंत. आता मतदारांसमोर जायचा प्रश्नच नव्हता. १९९१ ते १९९६ ते नरसिंह रावांचे गृहमंत्री होते. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा देशाचं गृहखातं त्यांच्याकडे होतं. त्यानंतरच्या दंगली, मार्च १९९३ चे मुंबईतले बॉम्बस्फोट, सगळं त्यांच्याच कारकिर्दीत. शिस्तीचा म्हणून नावाजलेला माणूस त्या क्षणी काय करत होता, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून काढून टाकता येत नाही. पुढे राज्यसभेची नीतिमत्ता समिती १९९७ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष शंकररावच होते.

२६ फेब्रुवारी २००४ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. डिसेंबर २००८ मध्ये अशोकराव मुख्यमंत्री झाले. बाप-लेक दोघंही मुख्यमंत्री, असं महाराष्ट्रात हे एकच उदाहरण. मतदारसंघांची फेररचना झाली तसे भोकर, मुदखेड, अर्धापूर एका मतदारसंघात आले आणि २००९ ला अशोकराव, २०१४ ला अमिता चव्हाण, २०१९ ला पुन्हा अशोकराव इथून निवडून गेले. नोव्हेंबर २०२४ ला श्रीजया चव्हाण जिंकल्या. यावेळी चिन्ह कमळ होतं.

आणि लोकसभेला? शंकरराव गेल्यानंतर काही आठवड्यांतच, २००४ च्या निवडणुकीत, भाजपचे डी. बी. पाटील नांदेडमधून निवडून आले. हरलेले उमेदवार होते काँग्रेसचे भास्करराव खतगावकर. शंकररावांचे जावई.